बाळंतपणाचा खर्च कोणाच्या खात्यावर?

मुंबईच्या कापडगिरण्यांमध्ये 1920 च्या दशकात सुमारे पाचवा हिस्सा कामगार स्त्रिया होत्या. वाइंडिंग आणि रिळिंग ही सूत गुंडाळण्याची खाती तर प्रामुख्याने त्यांचीच होती, आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या स्त्रीला नायकीण म्हणत. 1982 चा संप झाला तोवर गिरण्यांतील स्त्री कामगार तुरळक उरल्या होत्या. मधल्या साठ वर्षांत स्त्रियांना कायद्याचे संरक्षण मिळाले नाही म्हणून त्या गेल्या, असे म्हणता येत नाही, कारण हीच वर्षे संरक्षणाचे कायदे होण्याची होती: 1929 मध्ये मुंबई इलाख्यात भारतातील पहिला मातृत्व लाभ कायदा झाला, आणि 1948 च्या कारखाने कायद्याने स्त्रियांची रात्रपाळी बंद ठेवली. कायदे वाढत गेले आणि स्त्रिया कमी होत गेल्या, हे असे का झाले याचा उलगडा केला, तर आजच्या कंपन्यांमध्ये लिंगभाव वैविध्य वाढवण्यासाठी नेमके काय करावे लागते आणि पुष्कळ प्रामाणिक प्रयत्न का फसतात, हे बऱ्याच अंशी समजते.

लिंगभाव वैविध्य म्हणजे कामाच्या ठिकाणी सर्व लिंगांच्या व्यक्ती असणे, एवढा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. पण ते असणे दर पायरीवर तपासावे लागते. भरतीच्या वेळी किती स्त्रिया आल्या, पाच वर्षांनी त्यांतील किती उरल्या, निर्णय घेणाऱ्या जागांवर किती पोचल्या आणि त्यांना त्याच कामाचे तेवढेच पैसे मिळतात का, हे चार वेगळे प्रश्न आहेत. आपल्याकडे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोठ्या अभिमानाने सांगितले जाते आणि उरलेल्या तिघांकडे फारसे कोणी पाहत नाही. माझे म्हणणे असे आहे की खरी गोम दुसऱ्या प्रश्नात, म्हणजे टिकण्यात आहे. आणि टिकणे हे स्त्रीच्या जिद्दीपेक्षा खर्च आणि वेळ यांची वाटणी कशी केली आहे यावर अधिक अवलंबून असते.

गिरण्यांकडे पुन्हा पाहू. 1929 च्या कायद्याने बाळंतपणाच्या काळातील भत्ता देण्याची जबाबदारी मालकावर टाकली. भत्ता योग्यच होता. त्याआधी बाळंतीण उपाशी तरी राहत असे किंवा ओली बाळंतीण असतानाच कामावर परतत असे. मात्र हा खर्च प्रत्येक स्त्री कामगारामागे आणि फक्त तिच्यामागे येत असल्यामुळे मालकाच्या हिशेबात पुरुष कामगार स्वस्त आणि स्त्री कामगार महाग ठरली. रात्रपाळीच्या बंदीमुळे यंत्रे दिवसरात्र चालवू पाहणाऱ्या गिरणीला तिसऱ्या पाळीसाठी पुरुषच लागत होते. त्यातच यंत्रांची फेररचना झाली आणि ज्या खात्यांत स्त्रिया होत्या तेथील माणसे कमी करण्यात आली. यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर इतिहासाच्या अभ्यासकांत मतभेद आहेत, पण ही सारी कारणे एकाच दिशेने काम करत होती. स्त्रीला कामावर ठेवण्याचा जादा खर्च ज्याच्यावर पडत होता, त्याच्याच हातात तिला न ठेवण्याचा निर्णयही होता.

हा धोका त्या काळी कोणाला दिसलाच नाही असे नाही. 1928 मध्ये मुंबई विधान परिषदेत मातृत्व लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला आणि त्याच वेळी हेही मान्य केले की प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्यामुळे या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा. मालकालाही त्यांनी मोकळे सोडले नाही, कारण स्त्री कामगारांच्या श्रमाचा फायदा त्याला मिळत होता. परंतु लाभ समाजाचा आणि बिल एकट्या मालकाचे, ही मांडणी टिकाऊ नाही, हा मुद्दा त्यांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मांडला होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1952 च्या मातृत्व संरक्षण करारातही हेच तत्त्व आहे: लाभाचा खर्च सामाजिक विमा किंवा सरकारी निधीतून व्हावा, त्यासाठी एकट्या मालकाला जबाबदार धरू नये.

भारतात आज या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालू आहेत, त्यामुळे फरक नीट दिसतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे आपण ज्याला नुसते ईएसआय म्हणतो त्यात, महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या प्रत्येक कामगारामागे, मग तो पुरुष असो की स्त्री, मालक वेतनाच्या 3.25 टक्के आणि कामगार 0.75 टक्के रक्कम भरतो. त्या सामायिक निधीतून स्त्री कामगाराला प्रसूती काळातील 26 आठवड्यांचे वेतन मिळते. मालकाने सगळे पुरुष ठेवले तरी वर्गणी तेवढीच भरावी लागते, म्हणून स्त्रीला टाळून त्याचा एक पैसाही वाचत नाही. 21,000 रुपयांच्या वर वेतन गेले की मात्र मातृत्व लाभ कायद्याच्या तरतुदी लागू होतात; हा कायदा 1961 चा होता आणि त्याच्या तरतुदी पुढे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेण्यात आल्या. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 12 वरून 26 आठवड्यांवर नेली, आणि येथे संपूर्ण वेतन मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचे असते. म्हणजे शिकलेल्या, बऱ्या पगारावरच्या स्त्रीच्या बाबतीत आपण अजून गिरण्यांच्या काळातील हिशेबावरच आहोत.

हा हिशेब एकदा आकड्यांत मांडून पाहू. समजा, पुण्यात 60 माणसांची एक सॉफ्टवेअर कंपनी आहे आणि प्रत्येकाचा पगार सरासरी 50,000 रुपये आहे. एका वर्षी दोन स्त्रिया प्रसूती रजेवर गेल्या, तर सहा महिन्यांचे त्यांचे वेतन 6 लाख रुपये होते. छोट्या कंपनीचा मालक हा आकडा पाहतो आणि पुढच्या मुलाखतीत नुकतेच लग्न झालेल्या मुलीला कोणतेही कारण न देता नाकारतो. पण त्याच कंपनीचा वर्षाचा एकूण वेतनखर्च 3 कोटी 60 लाख आहे, आणि 6 लाख म्हणजे त्याच्या दोन टक्क्यांहूनही कमी. सर्व कंपन्यांनी सर्व कर्मचाऱ्यांमागे अशी छोटी रक्कम एखाद्या निधीत भरली, तर कोणत्याही एका मालकाला कोणतीही एक स्त्री महाग पडणार नाही. तोपर्यंत मोठ्या कंपन्या हा खर्च पचवतील आणि छोट्या कंपन्या तो टाळतील. आणि बहुतेक नोकऱ्या छोट्या ठिकाणीच असतात. ईएसआयसारखी व्यवस्था वरच्या वेतनगटांपर्यंत नेणे हा मला या विषयातील सर्वांत परिणामकारक बदल वाटतो, आणि त्याविषयी इतकी कमी चर्चा व्हावी याचे वाईटही वाटते.

पाळणाघराच्या बाबतीत कायद्याने हा धडा उशिरा का होईना, पण घेतला. 1948 च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची सक्ती स्त्री कामगारांच्या संख्येवर ठरत असे. आधी ही मर्यादा पन्नासहून अधिक स्त्रियांची होती, 1976 पासून ती तीसवर आली. परिणाम उघड होता. एकतिसावी स्त्री कामावर घेणे म्हणजे पाळणाघराचा खर्च ओढवून घेणे, म्हणून तिसावर थांबणे मालकाच्या सोयीचे होते. 2017 च्या दुरुस्तीने ही मोजणी बदलली आणि एकूण 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली. आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभाही दिली. आकडा स्त्रियांचा न राहता सर्वांचा झाला, एवढाच हा बदल, पण त्यामुळे स्त्रियांना कमी घेऊन सुटका करून घेण्याची वाट बंद झाली. मूल बापाचेही असते, तेव्हा मोजणी सर्वांची असणे हेच न्यायालाही धरून आहे.

मासिक पाळीच्या रजेवरील वादही याच चौकटीत समजून घेता येतो. बिहार सरकार आपल्या महिला कर्मचाऱ्यांना 1992 पासून महिन्याला दोन दिवस अशी रजा देते. जुलै 2024 मध्ये देशभर अशी रजा सक्तीची करण्याची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायालयाने हा धोरणाचा प्रश्न असल्याचे सांगितले आणि सक्ती केल्यास मालक स्त्रियांना नोकरीवर घेण्याचे टाळतील अशी भीतीही बोलून दाखवली. वेदना खरी आहे आणि भीतीही खरी आहे. सर्व कर्मचाऱ्यांना, कारण न विचारता घेता येतील अशा पुरेशा आजारपणाच्या रजा असतील, तर वेदनेची सोय होते आणि स्त्रीवर वेगळा शिक्काही बसत नाही.

वेळेची वाटणी

खर्चानंतरचा मोठा प्रश्न वेळेचा. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले की बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटे त्यात घालवतात आणि असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे. पुरुषांची सरासरी फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांची आहे, आणि असे पुरुष मुळात थोडे आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे अंतर आणखी मोठे असल्याचे कळते. पाच तास घरात दिल्यावर जी नोकरी उरलेल्या वेळात बसते, तीच स्त्रीला परवडते. म्हणूनच नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात 15 वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबल सहभाग 2017-18 मधील 23.3 टक्क्यांवरून 2023-24 मध्ये 41.7 टक्क्यांवर गेला, ही बातमी वाचताना पुढची ओळही वाचायला हवी: ही वाढ मुख्यतः ग्रामीण भागातील स्वयंरोजगारात आणि घरच्या शेतीत किंवा धंद्यात विनावेतन मदत करण्यात आहे. काम करणाऱ्या स्त्रियांपैकी नियमित पगारी नोकरीत असलेल्यांचा वाटा याच काळात सुमारे 21 टक्क्यांवरून 16 टक्क्यांच्या आसपास उतरला.

अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चे नोबेल पारितोषिक स्त्रियांच्या श्रमबाजाराच्या अभ्यासासाठी मिळाले. त्यांच्या मांडणीतला कामाच्या ठिकाणाला सर्वांत उपयोगी पडणारा भाग असा: काही नोकऱ्यांत जास्त तास, अवेळी आणि सांगितल्याक्षणी हजर राहणाऱ्याला प्रमाणाबाहेर जास्त पैसे मिळतात. दुप्पट वेळ देणाऱ्याला दुपटीहून अधिक वेतन असेल, तर नवरा-बायकोपैकी एकाने ती नोकरी धरायची आणि दुसऱ्याने घर सांभाळायचे, असे जोडपे ठरवते, आणि घर सांभाळणारी बहुधा बायकोच असते. अमेरिकेतील औषधविक्रेत्यांचा व्यवसाय या चक्रातून बराच बाहेर आला, असे गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी दाखवले. रुग्णाची सारी नोंद संगणकावर आल्याने आणि औषधे प्रमाणित झाल्याने एका फार्मासिस्टच्या जागी दुसरा सहज उभा राहू शकतो. त्यामुळे कमी तास काम करणाऱ्याला तासामागे तेवढेच पैसे मिळतात, आणि तेथे स्त्री-पुरुष वेतनातील तफावत इतर अनेक उच्चशिक्षित व्यवसायांपेक्षा कमी आहे. आपल्या कार्यालयांना यातून घेण्यासारखे बरेच आहे. एकाच माणसाच्या डोक्यात सारा प्रकल्प असणे, रात्री दहाला ग्राहकाचा फोन त्यानेच घेणे आणि त्यालाच निष्ठा समजणे, ही कामाची गरज कमी आणि कामाच्या आखणीतील आळस जास्त असतो. नोंदी नीट ठेवल्या, प्रत्येक कामाला दोन जाणकार ठेवले, बैठका कार्यालयीन वेळेत घेतल्या, तर लहान मुलांच्या आया टिकतातच, पण आजारी आई-वडिलांचे करणारे मुलगेही टिकतात.

वेळेच्या सवलती फक्त स्त्रियांना दिल्या तर काय होते, याचा विचार महाराष्ट्र पोलिस दलाच्या उदाहरणावरून करता येईल. 2021 मध्ये महिला पोलिसांची बारा तासांची ड्यूटी आठ तासांवर आणण्याचा प्रयोग राज्यात सुरू झाला. घर आणि ठाणे दोन्ही ओढणाऱ्या स्त्रियांना त्याची नितांत गरज होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही ठाण्याच्या प्रमुखाला ड्यूटी लावताना आठ तासांची माणसे आणि बारा तासांची माणसे असे दोन गट दिसू लागले, तर जोखमीची आणि बढतीला उपयोगी पडणारी कामे दुसऱ्या गटाकडे जाण्याची शक्यता वाढते. बारा तासांची पाळी पुरुष शिपायासाठीही अन्यायाचीच आहे. आठ तास सर्वांना मिळाले, तरच ही सवलत स्त्रीच्या आड येणार नाही.

बापाच्या रजेचे महत्त्वही यातच आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना मूल झाल्यावर 15 दिवसांची रजा मिळते. खासगी क्षेत्रासाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. स्वीडनमध्ये आई-वडिलांना मिळून 480 दिवसांची रजा असते आणि त्यातील 90-90 दिवस प्रत्येकासाठी राखीव असतात, जे दुसऱ्याला देता येत नाहीत, म्हणजे बापाने न घेतल्यास ते वायाच जातात. मुलासाठी रजा घेणारा पुरुष कार्यालयात नेहमीचे दृश्य होतो तेव्हाच मुलाखत घेणाऱ्याच्या मनातील, ही मुलगी पुढे रजेवर जाणार, हा हिशेब ढिला पडतो.

रात्रपाळीविषयी थोडक्यात. बंदी उठत आली आहे: 2015 च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात कारखान्यांतील आणि 2017 च्या कायद्याने दुकाने व आस्थापनांतील स्त्रियांना, त्यांची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था असेल तर, रात्री काम करता येते. पण 2007 मध्ये पुण्यात बीपीओत काम करणाऱ्या एका तरुणीवर, तिला रात्रपाळीला नेणाऱ्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने अत्याचार करून तिचा खून केला होता, हे विसरून हा विषय बोलता येणार नाही. गाडीत एकट्या स्त्रीला सर्वांत आधी घेऊ नये आणि सर्वांत शेवटी सोडू नये, चालकाची पडताळणी व्हावी, या गोष्टी कोणाच्या चांगुलपणावर सोडता येत नाहीत. त्या कंपनीच्या लेखी जबाबदारीत असाव्या लागतात. कारखान्याच्या आतल्या दिव्यांइतकाच फाटकापासून बसथांब्यापर्यंतचा रस्ता महत्त्वाचा असतो.

भरती, बढती आणि पगार

1974 मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये असे लिहिलेले होते, आणि ते वाचून अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी असलेल्या सुधा मूर्तींनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. पुढे त्या पुण्याच्या कारखान्यात रुजू झाल्या. त्याच कंपनीने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, अलीकडे पुण्यात गाड्यांच्या जुळणीची संपूर्ण स्त्रियांची लाइन उभी केली. अशा लाइनचा फायदा ठळक आहे: स्वच्छतागृहे, बस, पाळ्या यांची सोय एकदम होते आणि गावाकडून आलेल्या मुलीच्या घरच्यांना विश्वास वाटतो. पण कोणत्याही कारखान्यात अशी लाइन उभी राहिली म्हणजे काम झाले असे मानू नये. त्यातील मुली काही वर्षांनी मेंटेनन्स, टूलरूम, गुणवत्ता तपासणी आणि सुपरवायझरच्या जागांवर जातात का, ही पुढची कसोटी आहे. वाइंडिंग आणि रिळिंग खातीही स्त्रियांचीच होती, आणि फेररचना झाली तेव्हा ती वेगळी असणेच त्यांना महागात पडले.

उघड मज्जाव आता कायद्याने शक्य नाही. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतन यांत स्त्रियांशी भेदभाव करण्यास स्पष्ट मनाई आहे. म्हणून आज नकार छुपा असतो: लग्न कधी करणार, मूल लहान आहे का, नवऱ्याची बदली होते का, असे प्रश्न स्त्रीलाच विचारले जातात. यावर साधा उपाय असा की त्या पदाच्या सर्व उमेदवारांना तेच ठरलेले प्रश्न विचारायचे, गुण आधी लिहून मग चर्चा करायची आणि नोकरीतील खंडाला अपात्रता मानायचे नाही. ओळखीतून होणारी भरतीही तपासावी लागते, कारण पुरुषांच्या गटाने सुचवलेली माणसे बहुधा त्यांच्याच वर्गमित्रांपैकी असतात.

लग्न झालेल्या स्त्रीला कामावर ठेवणे गैरसोयीचे, या युक्तिवादाला सर्वोच्च न्यायालयाने 1960 च्या दशकाच्या मध्यातच उत्तर दिले होते, आणि ते प्रकरण मुंबईचेच होते. औषधे तयार करणाऱ्या इंटरनॅशनल फ्रँचायझीज या कंपनीच्या एका विभागात लग्न होताच स्त्री कामगाराची नोकरी संपत असे. काम गटाने चालते, विवाहित स्त्रिया जास्त गैरहजर राहतात, असे कंपनीचे म्हणणे होते. बॉम्बे लेबर युनियनने लढवलेल्या या खटल्यात न्यायालयाला ते पटले नाही. रजेच्या काळासाठी काही राखीव माणसे ठेवावीत, हा त्यावरचा मार्ग आहे, असे न्यायालयाने सुचवले. लग्न होताच नोकरी संपवणाऱ्या त्या नियमाचे आजचे रूप म्हणजे रजेवरून परतलेल्या स्त्रीचा प्रकल्प दुसऱ्याला गेलेला असणे आणि त्या वर्षीचे तिचे अप्रेझल सहा महिन्यांच्या शून्यासह मोजले जाणे. रजेचा काळ वगळून उरलेल्या महिन्यांच्या कामावर मूल्यमापन करायचे, असा एक लेखी नियम केला तरी पुष्कळ स्त्रिया टिकतील.

वेतनाबाबत 1976 चा समान वेतन कायदा होता, आता 2019 ची वेतन संहिता आहे. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मॅकिनन मॅकेन्झी या मुंबईतील कंपनीच्या खटल्यात सांगितले की स्त्री लघुलेखिकांचे काम पुरुष लघुलेखकांसारखेच असेल तर वेतनही तेच हवे. युनियनशी करार झाला आहे किंवा कंपनीची परिस्थिती बेताची आहे, ही सबब चालणार नाही. तरीही तफावत उरते, कारण ती बहुतेक वेळा मूल झाल्यानंतर सुरू होते. डेन्मार्कसारख्या देशात, जेथे पाळणाघरे मुबलक आहेत, तेथेही पहिल्या अपत्यानंतर स्त्रियांची कमाई पुरुषांच्या तुलनेत दीर्घकाळ सुमारे 20 टक्क्यांनी मागे राहते असे अभ्यासात आढळले आहे. पुरुषांच्या कमाईवर मूल झाल्याचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही.

संचालक मंडळांच्या बाबतीत 2013 च्या कंपनी कायद्याने सूचिबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्यांना किमान एक स्त्री संचालक बंधनकारक केली. काही प्रवर्तकांनी घरच्याच स्त्रियांना बसवले, म्हणून शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांसाठी ती संचालक स्वतंत्र असावी अशी अट घातली.

निर्भयपणे टिकण्यासाठी

राजस्थानात बालविवाह रोखण्याचे काम करणाऱ्या भंवरी देवी यांच्यावर 1992 मध्ये सामूहिक अत्याचार झाला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली. 2013 मध्ये लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री असते, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्या स्त्रीला आणि घरकामगारांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, ही गोष्ट फार थोड्या जणींना माहीत असते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. तक्रारी शून्य आहेत असे एखादी मोठी कंपनी वर्षानुवर्षे सांगत असेल, तर ते सुरक्षिततेचे लक्षण मानण्याची घाई करू नये; समितीच्या सदस्यांची नावे शिपाई, सफाई कामगार आणि कंत्राटी कर्मचारी यांना ठाऊक आहेत का, हे आधी विचारावे.

ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या बाबतीत टिकण्याचा प्रश्न अधिक तीव्र होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या नाल्सा निकालाने त्यांची ओळख मान्य केली आणि 2019 च्या कायद्याने नोकरीतील भेदभावाला मनाई केली. कोची मेट्रोने 2017 मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींना नोकऱ्या दिल्या आणि देशभर त्याचे कौतुक झाले, पण त्यांतील काही जणींना थोड्याच दिवसांत काम सोडावे लागले, कारण शहरात त्यांना कोणी खोली भाड्याने देईना. नोकरी देणाऱ्याने राहण्याची सोय, ओळखपत्रावरील नाव, स्वच्छतागृह आणि विमा यांचा विचार रुजू होण्याच्या तारखेआधी केला नाही, तर नियुक्तिपत्राला अर्थ राहत नाही.

आकडे कोठे पाहावेत

वैविध्यामुळे नफा वाढतो, हा युक्तिवाद हल्ली फार केला जातो. मला तो जपून वापरावासा वाटतो, कारण उद्या एखाद्या तिमाहीत नफा घटला तर समानताही सोडून द्यायची का, हा प्रश्न त्यातच दडलेला आहे. संविधानाचे 14, 15 आणि 16 ही कलमे आणि समान कामाला समान वेतनाचे 39 वे कलम नफ्याच्या अटीवर लिहिलेले नाही. हा हक्क आहे, एवढे कारण पुरेसे आहे.

मोजमाप मात्र हवेच, आणि आता सामान्य वाचकालाही ते करता येते. 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 सूचिबद्ध कंपन्यांना जबाबदारी आणि शाश्वततेविषयीचा अहवाल सेबीच्या ठरावीक नमुन्यात द्यावा लागतो. त्यात एकूण कर्मचाऱ्यांत आणि वरच्या पदांवर स्त्रिया किती, स्त्री आणि पुरुष यांचे मध्यक वेतन (वेतनाच्या क्रमाने लावल्यास बरोबर मधल्या व्यक्तीचे वेतन) किती, अपत्यजन्मानंतरची रजा घेतलेल्यांपैकी किती जण कामावर परतले आणि परतलेल्यांपैकी किती टिकले, हे वेगवेगळे लिहावे लागते. वार्षिक अहवालातील हसऱ्या चेहऱ्यांच्या पानांपेक्षा हा तक्ता कितीतरी अधिक सांगतो. कंपनीत स्त्रिया 35 टक्के आणि वरिष्ठ व्यवस्थापनात 5 टक्के असतील, तर गळती मध्ये कोठेतरी आहे. रजेवरून परतण्याचे प्रमाण चांगले पण टिकण्याचे कमी असेल, तर परतल्यानंतरच्या कामाची आखणी सदोष आहे. स्त्रियांची गळती पुरुषांपेक्षा बरीच जास्त असेल, तर भरतीचे आणखी मेळावे घेऊन काही साधणार नाही.

याच नमुन्यात कायम कर्मचारी आणि कायम नसलेले कर्मचारी यांचे आकडे स्वतंत्र असतात. तेथे थोडा वेळ थांबावे. कायम नोकऱ्यांत स्त्रिया कमी आणि कंत्राटी कामांत जास्त असतील, तर त्या कंपनीत स्त्रियांची संख्या वाढूनही त्यांची मिळकत आणि सुरक्षितता वाढलेली नसते. ज्यांच्याकडे त्या कंपनीचे शेअर आहेत त्यांना वार्षिक सर्वसाधारण सभेत याचे कारण विचारता येते, युनियनला वाटाघाटीच्या वेळी ते मांडता येते, आणि नोकरीचा प्रस्ताव हातात असलेल्या मुलीला सही करण्याआधी ते वाचता येते.